मेणबत्ती मुलांच्या हाती द्या

महोदय,

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना माझा चार वर्षांचा नातू बाकाखाली शिरला आणि पुढच्यांचे पाय मोठ्याने मोजू लागला. ‘अकरा’पर्यंत पोचला, तोच दोघांनी असं वळून पाहिलं की सुनेने त्याला उचलून बाहेर नेलं. (डुलक्या घेणाऱ्या मोठ्यांना मात्र कोणी उठवलं नाही!)

आगमनकाळातलं, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांतलं, मेणबत्त्यांचं चक्र मुळात मुलांसाठीच होतं. १८३९मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला निराधार मुलांचा आश्रम चालवणाऱ्या योहान विखर्न यांनी नाताळची वाट पाहणाऱ्या तिथल्या मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. आता आमच्या चर्चमध्ये त्या पेटवतात फक्त वडीलधारे. महिन्यातून एक उपासना छोटी, गाण्यागोष्टींची ठेवावी. नातवाला पहिल्या बाकावर बसवायची जबाबदारी माझी.

– एक आजी