स्कूबानंतर घाटाची घाई नको

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत मालवणच्या दोन दिवसांच्या सहलीचा बेत वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी माशाचे जेवण, रात्री साताऱ्यात घरी. त्यातल्या शेवटच्या टप्प्याविषयी हे पत्र.

मी राजवाड्याजवळ घड्याळे दुरुस्त करतो. तारकर्लीला स्कूबाचा कोर्स केला, तेव्हा लेकीने डाइव्ह कॉम्प्युटर घेऊन दिला. दिसायला मनगटी घड्याळच, पण वेळ दाखवणे हे त्याचे जोडकाम. पाण्याखाली दाब वाढतो, तसा टाकीतल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरत जातो. खोली आणि मिनिटे मोजून तो किती मुरला, याचा हा कॉम्प्युटर हिशेब ठेवतो. स्विस डॉक्टर ब्यूलमान यांच्या गणितात शरीराचे १६ कप्पे धरले आहेत. खरे अवयव नव्हेत, हिशेबापुरते. सर्वांत चपळ कप्पा चार-पाच मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत सुस्त कप्प्याला ६३५ मिनिटे लागतात. रिकामे होण्याची चालही तीच. दुकान बंद करून माहितीपुस्तिका वाचताना बटणांनी डोके उठवले, पण हे कप्पे मात्र मनापासून आवडले. आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडणारच.

पाण्याबाहेर आल्यावर पडद्यावर विमानाचे चिन्ह येते आणि शेजारी तास उलटे मोजले जातात. आपण कुठे विमानाने जाणार, म्हणून बरेच जण तिकडे बघतही नाहीत. पण प्रश्न विमानाचा नाही, हवेच्या कमी दाबाचा आहे. दाब कमी झाला की मुरलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर. इथला दाब मालवणपेक्षा सुमारे ८ टक्के कमी. ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला ६१० मीटर उंचीपासूनच लागू होतो : एकच साधी बुडी असेल तर किमान १२ तास थांबा, एकाहून जास्त असतील तर किमान १८. या बुडबुड्यांमुळे रात्री खांदा ठणकला, बोटांना मुंग्या आल्या, तर आपण म्हणणार, गाडी चालवून आखडले असेल!

प्रशिक्षकाच्या हाताला धरून मारलेल्या उथळ, थोड्या मिनिटांच्या बुडीत धोका फार कमी असतो, तेव्हा उगाच कोणी घाबरू नये. मला काळजी आहे ती कोर्सला जाणाऱ्या आपल्याकडच्या पोरांची. शेवटच्या दिवशी दोन बुड्या मारून ती संध्याकाळीच फोंडा किंवा गगनबावड्याचा घाट चढतात. पुढच्या वेळी असा बेत छापाल तेव्हा स्कूबा पहिल्या दिवशी घ्या आणि या तासांची एक ओळ सोबत द्या, एवढी विनंती.

– एक घड्याळ दुरुस्ती कारागीर, सातारा