विन्या, रद्दीवाल्याला जरा थांबव

प्रिय विन्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की स्केचबुकं रद्दीत देतोय, आता कोण हाताने काढतं, आणि मी नुसतं हं हं केलं, पण नंतर डोक्यातून जाईना रे, आणि सारखा तो एमिल रेनो आठवत राहिला म्हणून हे लांबलचक पत्र.

फ्रेंच माणूस, जन्म १८४४, पॅरिसजवळच्या मोंत्रॉयचा. बाप मेडल्स कोरायचा, आई वॉटरकलर करायची, म्हणजे हत्यारं आणि ब्रश दोन्ही घरातच. १८७७ ला त्याने प्रॅक्सिनोस्कोप केला. गोल डबा, आत कडेने बारा चित्रांची पट्टी, मधोमध बारा आरसे, डबा फिरवला की आरशात चित्र हलायला लागतं, तेही अजिबात न थरथरता. खेळणंच, पण काय डोकं!

मग हाच प्रकार त्याने पडद्यावर नेला. १८९२ च्या २८ ऑक्टोबरला पॅरिसच्या ग्रेव्हँ म्युझियममध्ये, ते मेणाच्या पुतळ्यांचं, तिथे पहिला शो. पिएरो नावाच्या बिचाऱ्या विदूषकाची गोष्ट, साधारण ५०० चित्रं, प्रत्येक हाताने रंगवलेलं, पट्टी ३६ मीटर! आणि ऑपरेटर हा स्वतःच, दोन हातांनी रिळं पुढेमागे फिरवायचा, पाहिजे तिथे थांबवायचा, त्यामुळे एवढ्याशा पट्टीत बारा-पंधरा मिनिटं निघायची. ल्युमिएर बंधूंचा, ज्यांना सगळे सिनेमाचे जनक म्हणतात, पॅरिसमधला तिकीट लावून केलेला सिनेमाचा शो १८९५ चा, म्हणजे हा तीन वर्षं आधी! पण त्यांचा कॅमेरा आला आणि एकेक चित्र रंगवत बसणाऱ्याचं काय होणार ते तुला मी सांगायला नको. तरी १९०० पर्यंत बाराएक हजार शो, पाचेक लाख लोकांनी बघितले.

पुढे पैसे संपले, मन खचलं, आणि मशीन हातोड्याने फोडलं आणि फिल्म्सची भेंडोळी सीन नदीत फेकून दिली रे त्याने. स्वतःच्या हाताने! १९१८ मध्ये गेला. फिल्म्सपैकी दोनच उरल्यात, त्यातला एक तो पिएरो. आता जगभर अ‍ॅनिमेशन डे कधी असतो माहितीये? २८ ऑक्टोबर. चिडचिड होते नुसती.

तुझी ती एसटी स्टँडवरच्या म्हाताऱ्यांची निळ्या बॉलपेनची वही पण पोत्यात आहे का? मी रविवारी येतोय, तोवर पोतं माळ्यावर टाक. वहिनींना सांग चहा मी करीन.

तुझा,
बाळ्या