सूचना: मुलांचे दात आणि वजन, दोन्हीसाठी

सर्व मेंबर्सना नमस्कार, लहान मुलं असलेल्यांनी हे नीट वाचा आणि घरात मुलांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. दात किडणं आणि वजन वाढणं याला आपण दोन वेगळे विषय समजतो, पण बालरोगतज्ज्ञ आता दोन्हीवर एकत्र संशोधन करतायत कारण मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे साखर, त्यातही गोड पेयं. तोंडातले बॅक्टेरिया साखरेपासून अ‍ॅसिड बनवतात, ते दातांचं इनॅमल (बाहेरचा कडक थर) झिजवतं, आणि तीच साखर जास्तीच्या कॅलरीज म्हणून अंगात साठते. शिवाय पेयाने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे मूल जेवण वेगळं जेवतंच.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलंय की अशी साखर, म्हणजे खाण्यापिण्यात वरून घातलेली, रोजच्या कॅलरीजच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी हवी, 5 टक्क्यांखाली असेल तर अजून चांगलं. आणि हो, फळांचा ज्यूससुद्धा यात येतो!! एक वर्षाच्या आत ज्यूस अजिबात नको, अख्खं फळ केव्हाही बरं.

सगळ्यात महत्त्वाचं, तोंडात दुधाची बाटली ठेवून बाळाला झोपवू नका प्लीज, झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध दातांवर तसंच राहतं. पहिला दात आला की फ्लोराइड पेस्टने ब्रश सुरू, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट घ्या, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा डेंटिस्टला दाखवा. पुढच्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना वजनासोबत दातही बघायला सांगा.