आपला कातळ यंदा रिकामा

मालवण, १८ ऑगस्ट

प्रिय सुमे,

तीन वर्षं पत्र नाही, चूक माझीच. आईची तब्येत ठीक, माझा गुडघाही. आज लिहितेय कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

काल सुकतीला आपल्या कातळावर गेले होते. आपलं ते शेवाळ, पोर्फायरा, नाही गं! अर्धा ऑगस्ट सरला आणि दगड नुसता काळा. पावसाळ्यात तिथं जांभळट पापुद्र्यांवरून पाय घसरायचा, आठवतं? तू दोनदा पडलीस, आणि दोन्ही वेळा डबा माझा सांडला.

तो उन्हाचा दिवसही आठवला. सगळं पापडासारखं वाळलेलं, तू म्हणालीस, "मेलं." बादलीत टाकलं तर काही मिनिटांत रेशमासारखं पसरलं. अंगातलं नव्वद टक्के पाणी गेलं तरी ते जगतं. क्षार वाढले की पेशीत फ्लोरिडोसाइड हे साखरेसारखं द्रव्य साठवतं, कडक उन्हाचे अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही स्वतःच बनवतं. म्हणून मी निर्धास्त होते.

पण सुकणं वेगळं, वाढणं वेगळं. वाळलेलं असताना ते अन्न करत नाही. त्यासाठी ओले तास लागतात. यंदा जूनमध्ये चार दिवस पाऊस, मग आठ-आठ दिवस रखरखीत ऊन. कोवळी पाती भिजायची कधी आणि वाढायची कधी? रात्रभर हेच डोक्यात.

आपलं भांडणही पुन्हा आठवलं. तू म्हणायचीस, दरवर्षी बीजाणू बाहेरून वाहत येतात. मी म्हणायचे, ते इथंच शिंपल्यांत दडून असतं. अगं, ब्रिटिश शेवाळतज्ज्ञ कॅथलीन ड्रू यांनी १९४९मध्ये तेच तर दाखवलं! शिंपल्यात राहणारं कॉन्कोसेलिस तोवर वेगळंच शेवाळ समजत. ते पोर्फायराचंच धाग्यांचं रूप निघालं. त्यावर जपानची नोरीची, म्हणजे खायच्या पोर्फायराची, शेती उभी राहिली. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत, तरी तिथल्या उतो शहरात दर १४ एप्रिलला त्यांच्या स्मारकापाशी लोक जमतात. तू तेव्हा "जपानचं जपानला" म्हणून वही मिटली होतीस. अजून राग आहे मला.

ओमची ॲडमिशन झाली का? बदलीचं काय ठरलं? भावजींना नमस्कार.

कातळाच्या पायथ्याचे सात शिंपले आणलेत. दोघांवर गुलाबी डाग आहेत. आम्लात विरघळवून धागे बघायला हवेत, पण एकटीनं नाही बघणार. तो जुना मायक्रोस्कोप तुझ्याकडेच आहे ना? गणपतीला येताना आण.

तुझी,
मंजू