विषय: खोक्यावर 'विंडोज 11' छापून विकलेल्या यूएसबी-सिरियल केबली

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आज तुमच्याकडे चौथा फोन केला. तो ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो.

मी गावात दूध संकलन केंद्र चालवतो. वजनकाटा आणि फॅट मशीन, दोन्हींना कॉम्प्युटरशी जोडायला नऊ पिनांचा जुना सिरियल पोर्ट. कॉम्प्युटर बंद पडला, नव्या लॅपटॉपला तसा पोर्टच नाही, म्हणून तुमच्या दोन केबली घेतल्या. खोक्यावर 'विंडोज 11 वर चालते' असं छापलंय. लावल्या तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि पोर्टच्या नावाच्या जागी इंग्रजी मजकूर: केबलीतल्या या चिपचं उत्पादन 2012 पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेते तुम्हीच आहात.

फोनवरच्या मुलाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लॅपटॉप रीस्टार्ट करा." केला. "दुसऱ्या पोर्टला लावा." लावली. मग मी सांगितलं, की केबलीच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची, तारेने जोडून पाहिल्यात. भाच्याच्या विंडोज 7 वर टाइप केलेली अक्षरं परत येतात, माझ्या लॅपटॉपवर एकही येत नाही. म्हणजे वायर शाबूत आहे, घोळ चिपचा आणि ती चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा आहे. भाच्याने जुना ड्रायव्हर घातला तेव्हा तीन दिवस सुरळीत चाललं. विंडोजचा अपडेट आला आणि परत तोच त्रिकोण. फोनवरचा मुलगा जरा गप्प बसला, मग म्हणाला, "काका, आता सिरियल कोण वापरतं? मशीनच बदलून टाका ना." मागे कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

सिरियल कोणी वापरत नाही असं वाटतं, तर सिरियलची केबल विकता कशाला? माझं फॅट मशीन धडधाकट आहे. ते का बदलू?

नऊ दिवस सगळं वहीत लिहितोय. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, पॉइंट खाली आला की पैसे कापले जातात. मंगळवारी गर्दीत एका आजींच्या 3.8 चं 3.3 लिहिलं गेलं. छापील पावती नव्हती. चूक कळल्यावर फरक मी खिशातून दिला. पण किटली उचलताना त्या म्हणाल्या, "तुझ्यावर इस्वास होता रं." हे मला तुमच्या केबलीपायी ऐकावं लागलं.

खोक्यावर विंडोज 11 छापलंय, हे पुन्हा सांगतो. विंडोज 11 वर चालणाऱ्या चिपच्या दोन केबली पाठवा, नाहीतर पूर्ण पैसे परत करा, आणि खोक्यावरचा खोटा मजकूर काढा. सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार आणि ग्राहक आयोगातही जाणार. बिल, खोकं, स्क्रीनचे फोटो सगळं जपून ठेवलंय.

मला फोन करू नका. सकाळी मी काट्यावर असतो.

एक ग्राहक