जुडीतली दूर्वा आणि दूर्वेसारखे गवत

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की बाजारात दूर्वांच्या जुड्या येतात आणि आपण त्या न निरखताच पिशवीत टाकतो. गेल्या वर्षी घरी आणलेल्या जुडीचा दोरा मी सोडला, तेव्हा एकवीसपैकी सात-आठ काड्या दूर्वेच्या नव्हत्याच. त्या चपट्या आणि बुडाशी पांढुरक्या होत्या, म्हणजे ते नाचणीच्या जातकुळीतले रानगवत होते. विकणाऱ्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. पूजेला कोवळी, फुलोरा न आलेली दूर्वा लागते आणि नेमका फुलोरा हीच दूर्वेची सर्वांत सोपी खूण आहे: काडीच्या टोकाला एकाच ठिकाणाहून फुटलेली तीन ते सहा बारीक बोटे. ‘सायनोडॉन डॅक्टिलॉन’ या तिच्या शास्त्रीय नावातल्या ‘डॅक्टिलॉन’मध्येही हे बोट आहेच.

फुलोरा नसेल तर पान काडीपासून जिथे सुटते तो सांधा पाहावा. दूर्वेच्या सांध्यावर आखूड पांढऱ्या केसांची कड असते, साध्या भिंगातूनही ती दिसते. तिच्यासारख्याच पसरणाऱ्या, पण रुंद व मऊ पात्यांच्या काही गवतांत तिथे कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. दूर्वेची काडी बारीक व चिवट, पाते आखूड आणि किंचित निळसर हिरवे असते. जमिनीवरून सरपटणारी तिची वेल उचलून पाहिली, तर पेरापेराला मुळे धरलेली आढळतात.

लागवडीला बी शोधत बसण्याची गरज नाही. पावसाच्या सुरुवातीला खात्रीच्या दूर्वेच्या वेलीचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून, निदान एक पेर मातीखाली जाईल असे वीतभर अंतरावर दाबावेत. दिवसभर ऊन मिळाले तर त्यांची दाट चटई तयार होते, सावलीत मात्र ती विरळ होऊन मरते. भाजीच्या वाफ्याजवळ ती लावू नये, पसरट कुंडीतच ठेवावी. शेतात दूर्वेलाच हरळी म्हणतात; तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालच्या काड्या, वेचता वेचता ज्यांची कंबर मोडली आहे त्या शेतकऱ्यांना हे सांगायला नको, कारण नांगराने तुटलेल्या काशीचा प्रत्येक डोळा पुन्हा फुटतो. तीच हरळी बांधावर असली, तर माती धरून ठेवते म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

शहरात मात्र सोसायट्यांच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि दूर्वा रस्त्याच्या कडेला उरली, जिथे तणनाशक फवारले आहे की नाही हे खुडणाऱ्याला कळत नाही. म्हणून पालिकांच्या उद्यान विभागांना विनंती आहे की, प्रत्येक बागेत उन्हातला एक छोटा वाफा दूर्वेसाठी राखावा, त्यावर फवारणी करू नये आणि त्याचा एक कोपरा न कापता सोडावा, म्हणजे फुलोऱ्यासह दूर्वा कशी दिसते हे मुलांना पाहता येईल.

आपला,
एक वाचक, सातारा