ते उसनं तुम्ही फेडलंत

प्रिय ओबाआसान, म्हणजे आमच्या शेजारच्या जपानी आजी,

तुम्हाला मराठी येत नाही. हे पत्र मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून जपानीत वाचून दाखवणारच आहे. पण तुम्ही माझ्या आईसाठी जे केलंत ते आमच्या माणसांनाही कळावं, म्हणून आधी मराठीत लिहितेय.

माझ्या बाळंतपणासाठी आई साताऱ्याहून इथे टोकियोतल्या निशी-कासाईला आली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही नोप्पेची वाटी घेऊन दारात उभ्या राहिलात. तुमच्या निइगाताकडची ही थंडीतली भाजी: अळकुडी, गाजर, कमळकाकडी, सगळं बारीक चिरून मंद आचेवर शिजवलेलं. आईने वाटीला हात लावला नाही. मी म्हटलं, आई माळकरी आहे, तिला मासळी चालत नाही. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं.

दोन दिवसांनी तुम्ही परत आलात. या खेपेला मासा नव्हता, माशाचं पाणीही नव्हतं. कोम्बू नावाचं समुद्रातलं शेवाळ आणि वाळवलेल्या अळिंब्या रात्रभर भिजवून त्याचा रस्सा केला होतात. पातेलं वेगळं, सुरीसुद्धा वेगळी. मग मला राहवलं नाही, उरलेलं अर्धंही सांगून टाकलं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनमध्ये होते. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या डोंगरावर त्यांची पलटण जपानी फौजेच्या वेढ्यात सापडली. वर पाण्याची मारामार. विमानातून शिधा आणि दारूगोळा टाकत, त्यातला बराचसा जपान्यांच्या बाजूला पडे. 26 मार्चच्या रात्री उरलेले लोक अंधारात डोंगर उतरले. आजोबा उतरले, त्यांचे दोन सोबती तिथेच राहिले. आजोबांच्या तोंडी 'जपानी' हा शब्द शिवीसारखा यायचा. आई तो ऐकतच वाढली.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, काही न बोलता घरी गेलात आणि बुत्सुदानातला, म्हणजे घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यातला, एक फोटो घेऊन आलात. तुमच्या वडिलांचा धाकटा भाऊ, विशीतला, टोपी जरा मोठीच झालेली. तुमच्या निइगातातल्या ताकादाची 58वी रेजिमेंट. सांगशाकवर चालून आली ती हीच. काकांचं पुढे काय झालं ते घरी कुणाला कळलंच नाही. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली, तिच्यात अस्थी नव्हत्या, नुसती नावाची चिठ्ठी होती. जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघालेली ती फौज जूनच्या सुरुवातीला माघारी वळली, तेव्हा पावसाचिखलात भुकेने आणि तापाने माणसं वाटेवरच पडत गेली. त्या वाटेचं नाव पडलं 'पांढऱ्या हाडांची वाट'.

मग तुम्ही आईकडे वळलात. "तुमच्या वडिलांसाठी टाकलेलं अन्न माझ्या काकाने खाल्लं असेल. त्याचं शेवटचं पोटभर जेवण कदाचित तेच. ते उसनं मी फेडतेय, एवढं घ्या."

हे आईला मराठीत सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळाने वाटी जवळ ओढली, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अळकुडीच की गं ही! यांच्या हाताला खाजत नाही का?" तुम्ही लाल झालेली बोटं पुढे केलीत. तुम्ही मीठ चोळता, आम्ही चिंच. आईने डब्यातली चिंच काढून पाण्यात कालवली आणि तुमचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन एकेक बोट चोळत बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि मलाही मधे बोलावंसं वाटलं नाही.

ओबाआसान, आईच्या मनातली, ऐंशी वर्षांपूर्वीच्या लढाईची ती अढी मला कधीच सोडवता आली नसती. तुम्ही पातेलं बदललंत, सुरी बदललीत, आणि पहिली वाटी परत गेली तरी पुन्हा आलात. तुमचे आभार कसे मानू?

आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून आईने वाटीत कंदी पेढे घालून दिले. त्यातला एक तुम्ही काकांच्या फोटोपुढे ठेवलात. दुसरा त्याच्या शेजारी, आमच्या आजोबांसाठी.

आई आता साताऱ्यात परसातल्या अळकुड्यांची नोप्पे करते. काल फोनवर विचारत होती, कमळकाकडी मिळाली नाही तर सुरण चालेल का? आणि सर्वपित्रीला आजोबांच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडायचंय म्हणाली. तुमच्या काकांना काय आवडायचं, ते विचारून ठेवायला सांगितलंय.

तुमची,
शेजारच्या घरातली लेक